प्रक्षेपण केंद्र वारंवार उड्डाणांसाठी कसे सज्ज करावे

भुसावळच्या यार्डात मालगाड्यांच्या परिचालनात माझी सगळी नोकरी झाली. तिथे रुजू होणाऱ्या माणसाला पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट कळते: यार्डाची क्षमता रुळांच्या संख्येपेक्षा प्रत्येक रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची अख्खी मालगाडी, एका रुळावर किती तास अडून राहतो यावर अधिक अवलंबून असते. सावदा किंवा रावेर स्थानकात केळीचा रेक भरायला चार तास जास्त लागले, तर त्याचा भार पुढे दिल्लीपर्यंतच्या वेळापत्रकावर पडतो. निवृत्तीनंतर जळगाव आणि धुळे येथील अभियांत्रिकीच्या काही विद्यार्थ्यांना मी अवकाश प्रक्षेपण केंद्रांच्या नियोजनाचा अभ्यास करायला मदत करतो, आणि लाँच पॅडचा, म्हणजे रॉकेट जिथून उडते त्या चौथऱ्याचा, प्रश्नही मुळात रुळाचाच प्रश्न आहे हे दर वेळी नव्याने जाणवते. वर्षाला चार-सहा उड्डाणांसाठी उभारलेल्या केंद्रातून दर पंधरवड्याला व्यावसायिक उड्डाण करायचे असेल, तर कामाला कुठून सुरुवात करावी, कोणते काम आधी घ्यावे आणि कुठे घाई करू नये, हे या टिपणात क्रमाने मांडले आहे.

विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो, की असे केंद्र तापीच्या काठी का नको. रॉकेटचे जळून रिकामे झालेले टप्पे शेकडो किलोमीटर पुढे जाऊन पडतात, आणि पृथ्वीच्या फिरण्याचा वेग, जो विषुववृत्तावर सेकंदाला सुमारे ४६५ मीटर असतो, पदरात पाडून घ्यायचा तर उड्डाण पूर्वेकडे करावे लागते. खानदेशातून पूर्वेकडे उडवलेल्या रॉकेटखाली विदर्भ आणि छत्तीसगडची गावे येतात, तर श्रीहरिकोट्यातून उडवलेल्या रॉकेटखाली बंगालचा उपसागर असतो. त्यामुळे जागा समुद्रकाठचीच हवी. नियोजन, उपकरणे आणि माणसे मात्र कुठूनही येऊ शकतात, आणि म्हणूनच हे लेखन इथल्या वाचकांसाठी आहे.

आधी पॅडवरचे तास मोजावेत

कामाची सुरुवात बांधकामाच्या आराखड्याने करू नये. गेल्या दहा-बारा उड्डाणांच्या नोंदी काढाव्यात, आणि रॉकेटचा पहिला भाग पॅडवर ठेवल्या क्षणापासून पुढच्या रॉकेटसाठी पॅड मोकळा झाल्याचे जाहीर होईपर्यंतचा प्रत्येक तास कोणत्या कामात गेला ते लिहून काढावे. हे तास ढोबळमानाने चार प्रकारांत मोडतात: जोडणी, चाचण्या, वाट पाहणे आणि उड्डाणानंतरची दुरुस्ती. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रकाराच्या नोंदी सहज मिळतात. वाट पाहण्याचे तास मात्र कोणत्याच विभागाच्या नोंदवहीत सापडत नाहीत, कारण त्या तासांत कोणीच काम केलेले नसते. उपग्रह यायला उशीर झाला, वारा वाढला, धोक्याच्या क्षेत्रात जहाज शिरले, रडार दुसऱ्या मोहिमेत गुंतलेले होते, अशी कारणे पहारेकऱ्यांच्या आणि नियंत्रण कक्षाच्या डायऱ्यांतून शोधून काढावी लागतात. हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये.

हिशेब समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा जोडणीला २५ दिवस, चाचण्यांना १०, वाट पाहण्यात ८ आणि दुरुस्तीला १७ दिवस लागतात. एकूण चक्र ६० दिवसांचे झाले, म्हणजे वर्षाला ६ उड्डाणे. जोडणीतले २० दिवस पॅडवरून हलवून दुसऱ्या इमारतीत नेले, तर चक्र ४० दिवसांवर येते आणि उड्डाणे ९ होतात. चाचण्या ६ दिवसांत आणि दुरुस्ती ८ दिवसांत बसवली, तर चक्र २७ दिवसांचे होऊन उड्डाणे १३ होतात. वाट पाहण्याचे दिवस निम्मे केले, तर २३ दिवसांच्या चक्रात ती १५ पर्यंत जातात. या सगळ्यात एकही नवा पॅड बांधलेला नाही.

या हिशेबात एक खाच आहे आणि नवखे नियोजक हमखास तिथे अडखळतात. जोडणीची इमारत एका रॉकेटला ४० दिवस घेत असेल आणि पॅड मात्र दर २३ दिवसांनी मोकळा होत असेल, तर अडचण संपली नाही, ती फक्त पॅडवरून इमारतीत गेली. म्हणून प्रत्येक सुधारणेनंतर तासांचा तक्ता पुन्हा मांडावा आणि आता सर्वांत हळू चालणारी जागा कोणती ते पाहावे. वर दिलेल्या उदाहरणात जोडणीसाठी दोन स्वतंत्र कक्ष लागतील. ते आधीच आराखड्यात नसतील, तर पॅडवर केलेला खर्च बराच काळ निरुपयोगी पडून राहतो.

जोडणी पॅडवरून हलवावी

या मार्गाचे आपल्याच देशातील उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. श्रीहरिकोट्याच्या पहिल्या लाँच पॅडवर इस्रोचे पीएसएलव्ही रॉकेट वर्षानुवर्षे पॅडवरच उभारले जात असे. त्याच्याभोवती रुळांवर सरकणारा सेवा मनोरा असतो, त्याच्या आत एकावर एक टप्पे चढवले जातात, आणि उड्डाणापूर्वी मनोरा मागे सरकवला जातो. पद्धत भरवशाची होती, परंतु जोडणी चालू असेपर्यंत पॅड दुसऱ्या कोणत्याही कामाला मिळत नसे. त्यावर उपाय म्हणून पीएसएलव्हीसाठी वेगळी जोडणी इमारत बांधली गेली. २२ एप्रिल २०२३ च्या पीएसएलव्ही-सी५५ मोहिमेत तिचा प्रथम उपयोग झाला. ३० डिसेंबर २०२४ रोजी उडालेल्या सी६० मोहिमेत चौथ्या टप्प्यापर्यंतची जोडणी त्या इमारतीतच करून मग रॉकेट पॅडवर आणले गेले. या सुविधेमुळे पहिल्या पॅडची क्षमता वर्षाला ६ वरून १५ उड्डाणांपर्यंत नेण्याचे शासनाने जाहीर केलेले उद्दिष्ट आहे. दुसरा लाँच पॅड मुळातच या विचाराने बांधला गेला. तिथे उंच इमारतीत रॉकेट उभे जोडतात आणि रुळांवरून पॅडवर नेतात. त्यावरून पहिले उड्डाण ५ मे २००५ रोजी झाले.

आता उभी जोडणी करावी की आडवी, हा निर्णय रॉकेटच्या जातीवर सोडावा, आवडीवर सोडू नये. द्रव इंधनावर चालणारे रॉकेट पॅडवर येईपर्यंत रिकामे असते, त्यामुळे ते तुलनेने हलके असते. ते जमिनीलगत आडवे जोडता येते, तिथे माणसांना उंचावर चढावे लागत नाही, आणि शेवटी ते उचलून उभे करता येते. कझाकस्तानातील बैकानूर केंद्रात रशियाचे सोयुझ रॉकेट अशाच रीतीने जोडतात आणि आगगाडीवरून पॅडपर्यंत नेतात. ज्याने आयुष्यभर मालगाड्यांच्या वाघिणी हलवल्या त्याला ते दृश्य पाहून झालेला आनंद मी लपवत नाही. अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीचे फाल्कन ९ आणि न्यूझीलंडमधून उडणारे इलेक्ट्रॉन ही रॉकेटेही आडवेच जोडले जातात. घन इंधनाचे बूस्टर, म्हणजे उड्डाणाच्या सुरुवातीला जोर देणारी बाजूची जोड-रॉकेटे, मात्र ओतल्या दिवसापासून पूर्ण वजनाचे असतात. इस्रोच्या एलव्हीएम३ रॉकेटच्या एका एस२०० बूस्टरमध्ये सुमारे २०० टन घन इंधन असते. असे दोन बूस्टर बांधलेले रॉकेट आडवे जोडून उचलण्याचा विचार व्यवहार्य नाही, तिथे उभी जोडणीच करावी लागते. दोन्हींच्या मधला मार्गही आहे. युरोपच्या एरियान ६ रॉकेटचा मधला भाग आडवा जोडतात, पॅडवर उभा करतात आणि घन बूस्टर तिथे लावतात. त्यासाठी पॅडवर सुमारे ९० मीटर उंचीचा फिरता मनोरा उभारलेला आहे. अशा मिश्र पद्धतीत बूस्टर लावण्याचे दिवस पॅडच्याच खात्यावर पडतात, हे तक्त्यात प्रामाणिकपणे धरावे.

रॉकेटकडे लक्ष देताना उपग्रहांची इमारत मागे पडते, आणि व्यावसायिक उड्डाणांत हीच चूक महाग पडते. सरकारी मोहिमेत साधारणपणे एका संस्थेचा एक मोठा उपग्रह असतो. व्यावसायिक मोहिमेत अनेक ग्राहकांचे अनेक उपग्रह एकाच वेळी येतात, प्रत्येक ग्राहक आपले अभियंते घेऊन येतो, आणि एकाने दुसऱ्याचा उपग्रह पाहू नये अशी करारात अट असू शकते. ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये एलव्हीएम३ ने वनवेब या इंटरनेट सेवा कंपनीचे ३६-३६ उपग्रह नेले. असे उड्डाण वर्षातून एकदा होत असेल तर उपग्रह तयार करण्याचा एक धूळविरहित स्वच्छ कक्ष पुरतो. ते महिन्यातून एकदा व्हायचे असेल, तर एका मोहिमेचे उपग्रह रॉकेटवर चढत असताना दुसऱ्या मोहिमेचे उपग्रह इंधन भरून घेत असले पाहिजेत आणि तिसऱ्या मोहिमेच्या पेट्या सीमाशुल्क तपासणीतून सुटत असल्या पाहिजेत. म्हणून स्वतंत्र दारे असलेले किमान तीन कक्ष, विषारी इंधन भरण्याची वेगळी इमारत आणि परदेशी अभियंत्यांना राहण्या-वावरण्याची मर्यादित पण सोयीची व्यवस्था हे पहिल्याच टप्प्यात घ्यावे.

टाक्या, नळ्या आणि जोडण्या

द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो, मिथेन सुमारे उणे १६१ अंशांना, तर द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांना. यांचा साठा किती करावा याचा माझा नियम सोपा आहे: एका उड्डाणापुरता साठा म्हणजे साठाच नव्हे. उलटगणती शेवटच्या मिनिटाला थांबली, तर रॉकेटमधील अतिशीत द्रव परत काढावा लागतो, त्यातला काही भाग वायू होऊन उडून जातो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्ण भरणा करावा लागतो. म्हणून दोन पूर्ण भरणे आणि त्यांतील घट भरून निघेल इतका साठा टाकीत असावा. टँकरची रांग लावून ही गरज भागत नाही, कारण पॅडभोवतीचे क्षेत्र बंद असताना टँकर आत येऊ शकत नाहीत. उड्डाणे दर आठवड्याला होऊ लागली, की हवेतून ऑक्सिजन आणि नायट्रोजन वेगळे करणारा कारखाना केंद्राजवळच असणे परवडू लागते. हेलियमचा हिशेब वेगळा ठेवावा, कारण तो आपल्याकडे आयात होतो. वापरलेला हेलियम गोळा करून पुन्हा दाबाखाली भरण्याची सोय सुरुवातीलाच करावी.

काही रॉकेटांना नेहमीपेक्षाही थंड द्रव लागतो. फाल्कन ९ मध्ये ऑक्सिजन सुमारे उणे २०७ अंशांपर्यंत थंड करून भरतात, त्यामुळे त्याची घनता वाढते आणि तो त्याच टाकीत अधिक मावतो. पण तो लगेच तापू लागतो, म्हणून भरणा उड्डाणाच्या अगदी तोंडावर करावा लागतो आणि मध्येच थांबून वाट पाहण्याची मुभा राहत नाही. अशा रॉकेटसाठी पॅड सज्ज करायचा असेल, तर पंप, व्हॉल्व्ह आणि नळ्यांचा व्यास यांची क्षमता काही मिनिटांत भरणा होईल अशी ठेवावी लागते. हे नंतर वाढवू, असे म्हणून चालत नाही.

रॉकेट आणि जमीन यांना जोडणाऱ्या नळ्या व तारा, ज्यांना अम्बिलिकल म्हणतात आणि ज्या खऱ्या अर्थाने रॉकेटची नाळ असतात, हाताने जोडायच्या असतील तर प्रत्येक वेळी माणसे पॅडवर जातात आणि प्रत्येक जोडणीची गळती तपासावी लागते. शक्य तिथे या सर्व जोडण्या एका पाटीवर एकत्र आणून ती पाटी जोडणीच्या इमारतीतच रॉकेटला लावावी, आणि पॅडवर ती पाटी जमिनीवरच्या दुसऱ्या पाटीला एका हालचालीत बसेल अशी रचना करावी. केवळ या एका बदलाने चाचण्यांचे दिवस किती कमी होतात हे तक्त्यात लगेच दिसते, आणि त्याचा खर्च नव्या मनोऱ्याच्या तुलनेत किरकोळ असतो. पैसा मर्यादित असेल, तर मी सर्वांत आधी तो इथे घालीन.

आग आणि पाणी

रॉकेटच्या ज्वाळा वळवून बाजूला नेणाऱ्या खंदकाला फ्लेम ट्रेंच म्हणतात. उड्डाणानंतरच्या दुरुस्तीचे बहुतेक दिवस इथेच जातात: उखडलेले उष्णतारोधक काँक्रीट, वितळलेल्या तारा, जळलेले नळ. २० एप्रिल २०२३ रोजी टेक्ससमधून स्पेसएक्सच्या स्टारशिप या महाकाय रॉकेटचे पहिले पूर्ण उड्डाण झाले, तेव्हा पॅडखाली खंदकही नव्हता आणि पाण्याची सोयही नव्हती. ज्वाळांनी काँक्रीट फोडून खाली मोठा खड्डा पाडला. त्यानंतर तिथे पाण्याने थंड राहणारी पोलादी पाटी बसवली गेली आणि १८ नोव्हेंबर २०२३ च्या दुसऱ्या उड्डाणात पॅड सुस्थितीत राहिला. पॅडच्या पृष्ठभागावर वाचवलेला पैसा दुरुस्तीत किती पटींनी परत द्यावा लागतो, हे या दोन तारखांमधील सात महिने सांगतात.

पाण्याचे दुसरे काम आवाज शमवण्याचे आहे. इंजिनांचा आवाज काँक्रीटवर आपटून परत रॉकेटवर आदळला, तर उपग्रहाला इजा होते. फ्लोरिडातील ३९ए पॅडवर स्पेस शटल यानांच्या काळात सुमारे ११ लाख लिटर पाणी ४१ सेकंदांत सोडले जात असे. आपल्या भागात ठिबकचा प्रत्येक थेंब मोजून बाग वाढवणाऱ्या शेतकऱ्याला हा आकडा ऐकून धक्का बसतो, आणि तो बसायलाच हवा. वर्षाला चार उड्डाणे असताना हे पाणी वाहून गेले तर खपून जाते. दर आठवड्याच्या उड्डाणाला खाली साठवण हौद, गाळण आणि पुन्हा वर चढवणारे पंप हवेत. घन इंधनाच्या धुरातून हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो आणि पाणी आम्लधर्मी होते, त्यामुळे अशा पॅडवर ते शमवल्याशिवाय पुन्हा वापरू नये किंवा बाहेर सोडू नये.

समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने गंजणे हा वेगळा शत्रू आहे. कापसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी जिनिंगवाले जसे यंत्र पूर्ण उघडून बसतात, तशी वार्षिक मोठी दुरुस्ती कमी उड्डाणे असलेल्या काळात एकदाच ठेवावी. कोरोमंडल किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो, तेव्हाचा काही काळ यासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते. बाकीची देखभाल दोन उड्डाणांच्या मधल्या रात्रींत विभागावी.

आकाश आणि समुद्र मोकळा करण्याचे काम

उड्डाण भरकटले तर ते नष्ट करण्याचा अधिकार सुरक्षा अधिकाऱ्याकडे असतो. २५ डिसेंबर २०१० रोजी इस्रोचे जीएसएलव्ही-एफ०६ रॉकेट ताब्यातून गेल्यावर ते अशाच आज्ञेने नष्ट करण्यात आले. जुन्या पद्धतीत यासाठी अनेक रडार, आज्ञा पाठवणारी केंद्रे आणि प्रशिक्षित माणसे लागतात, आणि एका रॉकेटवरून दुसऱ्या रॉकेटकडे वळताना ही सगळी यंत्रणा नव्याने जुळवावी लागते. पॅड कितीही लवकर मोकळा झाला तरी ही यंत्रणा तयार नसेल, तर रॉकेट उभेच राहते.

यावरचा उपाय म्हणजे स्वयंचलित उड्डाण सुरक्षा प्रणाली. तीत रॉकेटवरचा संगणक उपग्रहीय दिशादर्शन आणि स्वतःचे संवेदक यांवरून आपली जागा ओळखतो, आधी भरून दिलेल्या सीमारेषांशी ती ताडून पाहतो आणि सीमा ओलांडली तर स्वतःच उड्डाण संपवतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये ३९ए पॅडवरून झालेल्या फाल्कन ९ च्या उड्डाणात ही प्रणाली मुख्य सुरक्षा साधन म्हणून वापरली गेली. तिच्यामुळे ऑगस्ट २०२० मध्ये फ्लोरिडातून दक्षिणेकडे, ध्रुवीय कक्षेत उड्डाण करता आले, जे तिथून कित्येक दशके झाले नव्हते. नियोजकाने ही प्रणाली स्वीकारताना दोन गोष्टींची तरतूद करावी. सीमारेषा ठरवणारा गट केंद्राचा असावा, रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचा नसावा. आणि सुरुवातीच्या काही उड्डाणांत जुनी आणि नवी प्रणाली बरोबरीने चालवून नोंदी ताडून पाहाव्यात.

विमानांचे मार्ग आणि जहाजांचे क्षेत्र किती वेळ बंद ठेवायचे, हा प्रश्न उड्डाणे वाढली की अधिक नाजूक होतो. वर्षातून सहा वेळा चार तास बंद असलेले आकाश कोणी मनावर घेत नाही, परंतु दर आठवड्याला चार तास म्हणजे विमान कंपन्यांचे इंधन आणि मच्छीमारांचा रोजगार आहे. हवाई वाहतूक नियंत्रणाला रॉकेटची प्रत्यक्ष जागा थेट मिळत राहिली, तर संकट टळताच तो भाग मोकळा करता येतो. मच्छीमारांसाठी महिन्याचे वेळापत्रक त्यांच्या भाषेत, बंदरावर, आगाऊ लावावे, आणि उड्डाण रद्द झाल्याची सूचना सर्वांत आधी त्यांना मिळावी. ज्यांच्या घरचा दिवसाचा धंदा बुडतो, त्यांना भरपाई देण्याची तरतूद केंद्राच्या शुल्कातच धरावी, असे माझे ठाम मत आहे.

जिथे घाई करू नये

वरच्या प्रत्येक सूचनेत दिवस कमी करण्याचा विचार आहे. सुरक्षा अंतरांना मात्र हा विचार लावू नये. वरणगाव-भुसावळच्या शस्त्रास्त्र कारखान्यांशेजारी वाढलेल्या लोकांना दारूगोळ्याची गोदामे एकमेकांपासून लांब आणि मातीच्या बांधांआड का असतात हे सांगावे लागत नाही. २२ ऑगस्ट २००३ रोजी ब्राझीलच्या अल्कांतारा केंद्रात पॅडवर उभ्या असलेल्या रॉकेटचे घन इंजिन अचानक पेटले आणि २१ तंत्रज्ञ मृत्युमुखी पडले. त्यावेळी ती माणसे पॅडवर काम करत होती. म्हणून जोडणी बाहेर नेण्याचा खरा लाभ मी माणसांच्या संख्येत मोजतो: इंधन किंवा प्रज्वलक जोडलेले असताना पॅडवर किती माणसे किती तास असतात, हा रकाना तासांच्या तक्त्यात पॅडच्या वापराइतकाच ठळक असावा.

एका पॅडवर सर्व भरवसा ठेवणे हीदेखील घाईच आहे. १ सप्टेंबर २०१६ रोजी केप कॅनव्हेरलच्या ४० क्रमांकाच्या पॅडवर चाचणीसाठी इंधन भरताना फाल्कन ९ चा स्फोट झाला. तो पॅड पुन्हा वापरात यायला डिसेंबर २०१७ उजाडला. मधल्या काळात ३९ए पॅड हाताशी होता म्हणून फ्लोरिडातील उड्डाणे फेब्रुवारीत सुरू होऊ शकली. श्रीहरिकोट्याच्या तिसऱ्या पॅडला जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३,९८४.८६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. तो पुढच्या पिढीच्या रॉकेटसाठी आहेच, शिवाय दुसऱ्या पॅडला पर्याय म्हणूनही उपयोगी पडणार आहे.

उड्डाणे चालू असताना काम कसे करावे

भुसावळ-जळगाव मार्गावर तिसरी आणि चौथी मार्गिका टाकली गेली, तेव्हा गाड्या एक दिवसही बंद ठेवता आल्या नाहीत. अशी कामे ट्रॅफिक ब्लॉकमध्ये होतात: ठरलेल्या तासांत, ठरलेल्या लांबीवर, सर्व साहित्य आधीच रुळाशेजारी आणून. मी नोकरीत असताना एका ब्लॉकमध्ये कंत्राटदाराने एक जोडपट्टी चुकीच्या मापाची आणली होती, आणि ती बदलून येईपर्यंत किती गाड्या किती स्थानकांवर उभ्या राहिल्या ते मला अजून आठवते. पॅडच्या आधुनिकीकरणाला हीच पद्धत लावावी. प्रत्येक काम दोन उड्डाणांमधल्या मोकळ्या काळात पूर्ण होईल इतके लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यानंतर पॅड जुन्या स्थितीत चालू करता येईल असा मागे फिरण्याचा मार्ग ठेवावा, आणि बदलायची पाटी, नळी किंवा नियंत्रण पॅनेल आधी पॅडबाहेर पूर्ण जोडून, अतिशीत द्रव वाहवून तपासून घ्यावे. पॅडवर कोणतीही गोष्ट प्रथमच जोडून पाहू नये.

क्रम सांगायचा तर माझा असा राहील: आधी अम्बिलिकल आणि नियंत्रण यंत्रणा, मग उपग्रहांचे कक्ष, मग जोडणीची इमारत, मग पाणी व खंदक, आणि शेवटी गरज उरली तरच नवा पॅड. वीज, रस्ते आणि पूल यांचे काम याच्या आधीपासून चालू असले पाहिजे, कारण ते कोणत्याही एका मोहिमेच्या खर्चात बसत नाही आणि म्हणून मागे पडते.

सर्वांसाठी एक, की प्रत्येकाला आपला

खासगी कंपन्या वाढल्या की प्रत्येकीला स्वतःचा पॅड हवा असतो. श्रीहरिकोट्यातच अग्निकुल कंपनीने आपला छोटा पॅड उभारला आणि ३० मे २०२४ रोजी तिथून चाचणी उड्डाण केले. चीनच्या हाइनान बेटावरील व्यावसायिक केंद्राने दोन्ही मार्ग धरले: एक पॅड एकाच जातीच्या रॉकेटसाठी, दुसरा अनेक जातींसाठी. माझा कल असा आहे, की जमिनीवरचा काँक्रीटचा चौथरा आणि उभारणीची चौकट कंपनीची असावी, आणि पाणी, वीज, ऑक्सिजन, हवामान, रडार व अग्निशमन या गोष्टी केंद्राच्या सामाईक असाव्यात. ज्या गोष्टीत एकाचा स्फोट दुसऱ्याचा धंदा बंद पाडू शकतो ती वेगळी ठेवावी, उरलेली वाटून घ्यावी. लहान रॉकेटांना तर वेगळी जागाच अधिक लाभाची ठरते. श्रीहरिकोट्यातून ध्रुवीय कक्षेत जाताना श्रीलंका टाळण्यासाठी वळसा घ्यावा लागतो आणि त्यात लहान रॉकेटची बरीच क्षमता खर्च होते. म्हणून तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणम येथे, जिथून सरळ दक्षिणेकडे जाता येते, दुसरे केंद्र बांधले जात आहे. त्याची पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाली.

शुल्काबाबत एक इशारा द्यावासा वाटतो. प्रत्येक उड्डाणामागे थेट होणारा खर्चच आकारला, तर रस्ते, वीजवाहिन्या आणि बंदोबस्त यांचा वाढता भार सरकारी तिजोरीवर राहतो. अमेरिकेत हाच प्रश्न उभा राहिला आणि तिथल्या कायद्यात बदल करून अप्रत्यक्ष खर्चाचा वाटा कंपन्यांकडून घेण्याची मुभा दिली गेली. आपल्याकडे २०२३ च्या अवकाश धोरणाने खासगी संस्थांना प्रक्षेपण सुविधा उभारण्यास वाट दिली आहे आणि त्यासाठी इन-स्पेस या केंद्र सरकारच्या अवकाश-परवाना संस्थेची परवानगी लागते. २०२४ मध्ये प्रक्षेपण वाहने व प्रक्षेपण केंद्रांत ४९ टक्क्यांपर्यंत थेट परकीय गुंतवणूक स्वयंचलित मार्गाने, म्हणजे सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय, खुली झाली. करार करताना सामाईक खर्चाच्या वाटणीचे सूत्र पहिल्या पानावर असावे.

खानदेशातील कारखानदारांसाठी

विक्रोळीत इस्रोच्या रॉकेटांची विकास इंजिने बनतात, वालचंदनगरात रॉकेटच्या घन इंजिनांची आवरणे बनतात. जळगाव आणि धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींनी थेट उडणाऱ्या भागांमागे लागण्याऐवजी जमिनीवरच्या उपकरणांपासून सुरुवात करावी, कारण तिथे उड्डाणे वाढतील तशी मागणी दर वर्षी येत राहील: पाणी फवारणारे नोझल, पंपांचे सांगाडे, नळ्यांचे आधार, केबल ट्रे, नियंत्रण पॅनेल, जोडणीच्या इमारतींचे पोलादी काम. नळ, पंप आणि फवारणीचे ज्ञान या भागात दोन पिढ्यांचे आहे. इस्रोच्या ई-खरेदी संकेतस्थळावर नोंदणी करावी आणि पहिली निविदा लहान मागणीचीच भरावी.

ऑक्सिजनच्या नळ्यांचे काम घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. द्रव ऑक्सिजनच्या वाटेत तेलाचा थेंब किंवा ग्रीसचा डाग राहिला, तर तो पेट घेऊ शकतो. म्हणून अशा नळ्या धुण्याची, वाळवण्याची आणि तोंडे बंद करून पिशवीत सील करण्याची खोली वेगळी असावी. तिथे तेलविरहित हवा द्यावी, कामगारांचे हातमोजे आणि कपडे त्याच खोलीपुरते ठेवावेत, प्रत्येक नळीला क्रमांक द्यावा आणि ती कोणी, कधी, कशाने धुतली याची नोंद त्या क्रमांकावर लिहावी. ही खोली पत्र्याच्या शेडमध्ये कटिंग मशीनच्या शेजारी काढू नये, कारण कटिंग ऑइलची वाफ बंद दाराखालूनही आत येते.